इतिहासात एम. ए. करणाऱ्यांस हितोपदेश

कोल्हापुरात राहून इतिहासात एम. ए. करण्याचे आपण ठरवले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. कारण दिवसभर अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करावी आणि घरच्यांना सांगण्यापुरते विद्यापीठात नाव घातलेले असावे, या हेतूला इतका सोयीचा दुसरा विषय नाही. मात्र या विषयाला एक खोड आहे. बेसावध विद्यार्थ्याला तो खरोखरच आवडू लागतो. तसे होऊ नये म्हणून चार गोष्टी सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

मुख्य पथ्य असे की, आधुनिक जगाचा पेपर आणि प्रादेशिक इतिहासाचा पेपर यांची एकमेकांशी गाठ पडू देऊ नये. इटलीच्या एकीकरणावरचे उत्तर मॅझिनी, काव्हूर, गॅरिबाल्डी अशा क्रमाने पाठ असले की पुरे. इंग्लंडहून परतताना करवीरचे राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले, तेव्हा तेच शहर नव्या इटलीची राजधानी होते आणि रोम इटलीच्या ताब्यात येऊन जेमतेम दहा आठवडे झाले होते. पण ही माहिती कोणत्याही अपेक्षित प्रश्नसंचात बसत नाही. विशीतल्या त्या राजाचे दहन आर्नो नदीच्या काठी झाले आणि तिथे आजही त्यांची छत्री आहे, एवढे कळले तरी ऐकून सोडून द्यावे. मृतदेह पुरण्याची रीत असलेल्या शहराने अशा दहनाला परवानगी दिली तरी कशी, असा प्रश्न मनात आला, तर दुखणे वाढत चालले असे समजून ताबडतोब गाईड उघडावे.

दुसऱ्या महायुद्धाची कारणे लिहितानाही व्हर्सायचा तह, हिटलरचा उदय आणि राष्ट्रसंघाचे अपयश यांच्यापलीकडे, विशेषतः कोल्हापूरशेजारच्या गांधीनगरच्या कापडबाजारापर्यंत, येण्याची गरज नाही. गांधीनगरला बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला अवश्य जावे, दुकानदाराशी मनसोक्त घासाघीस करावी. पण तिथल्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते, असे कोणी सांगू लागले, तर लगेच शालूचा पदर उलगडून जर तपासू लागावे. नाहीतर तो पुढेही सांगेल. हिटलर आणि स्टालिन यांनी १९३९ मध्ये पोलंड वाटून घेतला, सोव्हिएत वाट्याला आलेल्या भागातून लाखो माणसे सायबेरियात आणि मध्य आशियात धाडली गेली, त्यांपैकी सुटलेली काही कुटुंबे, त्यांत बहुतेक बायका आणि मुले, इराणमार्गे हिंदुस्थानात येऊन थेट पंचगंगेच्या खोऱ्यात पोहोचली. आणि ती परत गेल्यावर त्याच वसाहतीत सिंधमधून निघालेले लोक राहायला आले. म्हणजे आपण ज्या गल्लीत साडीचा भाव पाडत आहात, तिथे दोन देशांच्या फाळण्या पाठोपाठ मुक्कामाला येऊन गेल्या. या वाक्याला किती गुण द्यायचे, हे नमुना उत्तरात कुठेही लिहिलेले नसल्यामुळे ते पुरवणीत उतरवण्याचे धाडस करू नये.

राजर्षी शाहू महाराजांविषयी आदराने लिहावे. आदराला गुण मिळतात. २६ जुलै १९०२ रोजी संस्थानी नोकऱ्यांतील ५० टक्के रिक्त जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला, ही तारीख मुखोद्गत हवी. त्यापूर्वी दरबारच्या कचेऱ्यांत कोण बसत होते, हे मात्र शोधू नये. त्यातून आडनावे निघतात, आणि आडनावे निघाली की मागच्या बाकावर अकारण घसे खाकरले जातात. महाराजांना वेदोक्त मंत्रांनी धार्मिक विधी करण्याचा अधिकार नाकारला गेला, ते वेदोक्त प्रकरण टीपेपुरते ठेवावे. मिरवणुकीत आपण सर्वांत पुढे असावे, हे सांगणे न लगे.

राहता राहिला लघुशोधप्रबंध. विषय आपल्याच तालुक्याचा घ्यावा आणि शेवटी ‘एक चिकित्सक अभ्यास’ असे जोडावे. चिकित्सा तेवढ्यावर भागते. मोडी लिपी शिकण्याच्या फंदात पडू नये, कारण मोडी वाचता आली की दप्तरखान्यात जाण्याची इच्छा होते, जुन्या कागदपत्रांचे रुमाल सोडले जातात, आणि छापील पुस्तकात नसलेले काहीतरी हाती लागून मार्गदर्शकांची विनाकारण पंचाईत होते. त्यापेक्षा गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याची संदर्भसूची जशीच्या तशी घ्यावी. ऋणनिर्देशात मात्र पुराभिलेखागारातील सर्व कर्मचाऱ्यांचे मनःपूर्वक आभार मानावेत. आपण कधी तिकडे फिरकला नाहीत आणि त्यांना एकही रुमाल सोडायला लावला नाहीत, त्याअर्थी त्यांचे सहकार्य खरोखरच अमूल्य ठरले आहे.