नोकऱ्या खातात म्हणे!

परत तोच फॉरवर्ड आलाय. म्हणे सिलिकॉन व्हॅलीत बाहेरून आलेले इंजिनिअर स्थानिकांच्या नोकऱ्या खातात, कंपनी काढली तरी आपल्याच लोकांना धरून बसतात, आणि ज्या देशातून आले तो देश कायमचा कंगाल होतो.

आधी नोकऱ्यांचं बघू. अ‍ॅनाली सॅक्सेनियन या संशोधिकेने १९९९ मध्ये हिशोब मांडला होता, १९८० ते १९९८ मध्ये तिथे निघालेल्या टेक कंपन्यांपैकी २४ टक्के चिनी किंवा भारतीय माणसं चालवत होती आणि त्यांच्याकडे ५८ हजारांवर लोक कामाला होते. या नोकऱ्या आधी कुठे होत्या की कुणी खाव्यात? आणि गंमत म्हणजे हा आकडाही कमीच धरा, कारण मोजणी सीईओच्या आडनावावरून केलेली, म्हणजे सन मायक्रोसिस्टिम्स ही कॉम्प्युटर कंपनी त्यात येतच नाही. १९८२ ला ती काढणाऱ्या चौघांत विनोद खोसला भारतातले, बेक्टोल्शाइम जर्मनीतले, पण मोजणीच्या वेळी सीईओ मॅकनीली, पक्का अमेरिकन. आता सांगा, ही कंपनी कुणाच्या लोकांची? दुसरा मुद्दाही इथेच निकालात निघाला.

देश कंगाल होतो हे मात्र अर्धं खरं आहे, माणसं जातात तेव्हा नुकसान होतंच. पण तैवान बघा ना. मॉरिस चँग अमेरिकेत शिकले, तिथल्याच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या चिप कंपनीत २५ वर्षं घासली, मग तैवान सरकारने बोलावलं म्हणून गेले आणि १९८७ ला टीएसएमसी ही दुसऱ्यांसाठी चिप्स बनवणारी कंपनी उभी केली. पुढे तैवानमध्ये जन्मलेल्या जेन्सन हुआंगनी १९९३ ला कॅलिफोर्नियात एन्व्हिडिया काढली आणि चिप्स बनवून घेतल्या टीएसएमसीकडून! दोन्हीकडे धंदा वाढला. आपोआप नाही हां, तैवानने शिन्चू शहरात टेक कंपन्यांसाठी सायन्स पार्क १९८० लाच बांधून ठेवलं होतं, परत येणाऱ्याला बसायला जागा तरी होती.

एच-वन-बी या अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसाचा गैरवापर होतो, स्वस्तात माणसं भरतात, हे मान्य. पण तो व्हिसा कंपनीशी बांधलेला असतो, सोडून स्वतःचं काही काढणं कठीण, त्यात नोकरीवरच्या ग्रीन कार्डात एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीय माणूस वर्षानुवर्षं रांगेत. म्हणजे ज्याने कंपनी काढून दहा जणांना कामाला लावलं असतं त्याला कायद्यानेच दुसऱ्याच्या नोकरीत डांबून ठेवायचं आणि वर बोंब मारायची की याने आमची नोकरी खाल्ली.