डिफरन्शियल जोडीचा गेन बीटातून येत नाही

डिफरन्शियल जोडी म्हणजे एमिटर एकत्र जोडलेले दोन ट्रान्झिस्टर; ती दोन बेसवरच्या सिग्नलांमधला फरक वाढवते. किती पट वाढवते तो गेन, आणि कलेक्टर करंट बेस करंटच्या किती पट तो ट्रान्झिस्टरचा बीटा. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांमध्ये हा सल्ला सर्रास फिरतो: “डिफरन्शियल जोडीचा गेन बीटावर ठरतो, बीसी ५४७-ए काढून त्याचाच जास्त बीटाचा सी प्रकार बसवा, गेन चौपट. ट्रान्झिस्टर दोन, म्हणून तो आणखी दुप्पट. एमिटरखालचा सामाईक रेझिस्टर गेन खातो, तो लहान करा.” तिन्ही गोष्टी चूक आहेत. सर्किट घेऊ: पुरवठा ±१२ व्होल्ट, प्रत्येक कलेक्टरला १० किलोओहम, जोडलेल्या एमिटरखाली ११ किलोओहम.

बेस शून्य व्होल्टवर असताना खालून साधारण १ मिलिअँप वाहतो, प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा. एमिटरचा अंतर्गत रोध २६ मिलिव्होल्ट भागिले ०.५ मिलिअँप, म्हणजे ५२ ओहम. एका कलेक्टरवरचा गेन १०,००० भागिले १०४ (दोन्ही ट्रान्झिस्टरांचे ५२ ओहम मिळून), सुमारे ९६. यात बीटा कुठेच नाही. सी बसवला तरी कलेक्टर करंट जवळपास तोच, फक्त बेसचा घटतो. मग काहींना फरक का दिसतो? बीटा २०० असताना इनपुट रोध सुमारे २१ किलोओहम असतो. स्रोताचा रोधही तेवढाच असेल, तर अर्धा सिग्नल तिथेच पडतो. जास्त बीटाने ही गळती कमी होते. पण अर्ध्याचा पूर्ण झाला तरी तो दुप्पटच, चौपट नव्हे.

दुपटीचं तर उलटंच आहे. सिग्नल दोन बेस-एमिटर जंक्शनांत वाटला जातो, म्हणून एका कलेक्टरवर निम्माच गेन मिळतो. दोन्ही कलेक्टरांमधून आउटपुट घेतलं की १९२, म्हणजे त्याच करंटच्या एकट्या कॉमन-एमिटर (एकाच ट्रान्झिस्टरच्या साध्या) टप्प्याइतका.

राहिला खालचा रेझिस्टर. पहिल्या एमिटरमधून निघालेल्या सिग्नलला ११ किलोओहमच्या शेजारी दुसऱ्या ट्रान्झिस्टरची ५२ ओहमची वाट मिळते, आणि तो तिकडेच जातो. रेझिस्टर ४.७ किलोओहम केल्यावर गेन वाढतो, तो करंट वाढल्यामुळे. पण आता प्रत्येकी १.२ मिलिअँप १० किलोओहममध्ये १२ व्होल्ट टाकतो. कलेक्टर शून्यावर येऊन बसतो, आउटपुटला खाली जायला जागाच उरत नाही. रेझिस्टरला समांतर कपॅसिटर लावणं त्याहून वाईट: दोन्ही इनपुटांवर सारखा येणारा गुणगुणाटही मग पूर्ण गेनने वाढतो, आणि तो रोखण्यासाठीच तर ही जोडी असते.

जास्त गेन हवा असेल तर कलेक्टरवर रेझिस्टरांऐवजी करंट मिरर (एका बाजूचा करंट दुसऱ्या बाजूला तसाच उतरवणारी ट्रान्झिस्टरांची जोडी) लावा. त्याआधी दोन्ही कलेक्टर मोजा, ७ व्होल्टच्या आसपास हवेत. बेस-एमिटर व्होल्टेजमध्ये ५ मिलिव्होल्टचा फरक असला तरी त्यांच्यात जवळपास १ व्होल्टचं अंतर पडतं. सुटे ट्रान्झिस्टर जुळवून निवडा आणि तापमान सारखं राहावं म्हणून त्यांच्या चपट्या बाजू एकमेकींना चिकटवा.