मूळ रंग

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डातून ॲशट्रे ओढून काढली, तर तिच्याबरोबर माझी बावीस वर्षांची समजूतही निखळून हातात आली. गाडी 1961 सालची. मॉडेल सांगत नाही, कारण त्या मॉडेलचे बाकीचे मालक लगेच माझ्या चुका दाखवायला धावून येतील. त्या काळी डॅशबोर्ड लोखंडी पत्र्याचा असे आणि पत्र्याला रंग देत. आमचा डॅशबोर्ड मळकट पिवळा, हे मी इतकी वर्षं छातीठोकपणे सांगत आलो होतो. ॲशट्रेमागच्या खोबणीत, जिथे कधी ऊन पोचलं नाही, तिथे मात्र एक गारेगार निळसर करडा रंग टवटवीत बसला होता. शेजाऱ्याला बावीस वर्षं चुकीच्या नावाने हाक मारावी आणि त्यानेही मुकाट ओ द्यावी, तसं झालं.

मी बायकोला बोलावलं. "बघ, मूळ रंग करडा होता."

"हा करडा नाही हो," ती वाकून म्हणाली. "पारव्याच्या पोटाजवळ असतो ना, तो आहे. मानेजवळचा वेगळा."

आता लाल-हिरव्याचा घोळ पुरुषांमध्ये बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि आमच्याकडे ते एकच. त्या आधारावर मूळ रंग शोधून डॅशबोर्ड पुन्हा रंगवायच्या कामातून अंग काढून घेता येईल म्हणून मी शिनोबु इशिहारांनी 1917 साली काढलेली ती ठिपक्यांतल्या आकड्यांची चाचणीसुद्धा दिली. सगळे आकडे दिसले. पळवाट बंद.

मग मूळ रंगाचा शोध सुरू झाला आणि मूळ रंग एक नाही, चार सापडले. ॲशट्रेमागे पारव्याचं पोट. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर, कुलपाच्या पट्टीखाली त्याच रंगाचा रुपयाएवढा तुकडा, पण किंचित हिरवट. दरवाज्यांच्या वरच्या पट्ट्यांवर धुरकट. आणि काचेखालच्या भागावर, जिथे साठ वर्षं ऊन थेट पडलं होतं, तिथे रंगाऐवजी रंगाची नुसती आठवण. उन्हाने रंगद्रव्य फिकं पडतं, त्याला धरून ठेवणारा थर पिवळा पडतो, आणि दोघं आपापल्या वेगाने म्हातारे होतात. घरात चार भावंडांनी एकच प्रसंग चार प्रकारे सांगावा आणि प्रत्येकाने शपथ घ्यावी, अशी ही साक्ष.

बॉनेटखालच्या पट्टीवर रंगाचा कोड कोरलेला होता. मी हर्षभरित झालो. तो बाहेरच्या रंगाचा निघाला. आतल्या रंगाचा कोड एका जुन्या पुस्तिकेत मिळाला, पण कोड म्हणजे नुसता पत्ता, आणि त्या पत्त्यावर आता कोणी राहत नाही. नायट्रोसेल्युलोज लॅकर नावाचे जुने रंग मागे पडले, शिसं असलेली रंगद्रव्यं बाद झाली. तीच छटा आता वेगळ्याच मसाल्यातून जमवावी लागते. 1914 ते 1925 या काळात फोर्डने मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली. त्यामागे कारखान्याचा हिशेब होता म्हणतात. मला वाटतं, पुढे जन्माला येणाऱ्या माझ्यासारख्यांची दया आली असावी.

रंग मिसळून देणाऱ्या दुकानात मी ग्लोव्ह बॉक्सचं झाकण काखेत मारून गेलो. तिथल्या मुलाने स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग मोजणारं यंत्र, त्या रुपयाएवढ्या तुकड्यावर टेकवला. यंत्राने विचार केला.

"काका, तीन व्हेरियंट दाखवतंय."

"त्यातला बरोबर कोणता?"

"ते तुम्ही सांगायचं."

त्याने तिन्हींचे ठिपके बोटाने झाकणावर लावले. ओला रंग एक दिसतो, सुकल्यावर बहुतेक वेळा गडद होतो, त्यामुळे ओल्यावर निर्णय घ्यायचा नसतो. ठिपके सुकेपर्यंत आम्ही दोघं झाकणाकडे बघत उभे राहिलो. दुसरा अगदी हुबेहूब. इतका की तो ठिपका कुठे आहे ते शोधावं लागलं. डबा घेतला, घरी आलो, पुठ्ठ्यावर आधी राखाडी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, मारून वर रंगाचा हात दिला. बायकोने पुठ्ठा उन्हात नेला.

"हा हिरवा आहे."

"दुकानात निळा होता!"

"मग दुकानातच चालवा गाडी."

या प्रकाराला मेटॅमेरिझम म्हणतात. दोन रंग वेगवेगळ्या द्रव्यांतून जमवले असले, की ट्यूबलाइटखाली सख्खे वाटतात आणि उन्हात गेल्यावर एकमेकांना ओळख देत नाहीत. शास्त्र सांगून झालं. तिने ऐकून घेतलं आणि पुठ्ठा पुन्हा माझ्या हातात दिला. मी दुकानात तीन वेळा गेलो. चौथ्या वेळी त्या मुलाने मला लांबून बघितलं आणि आपण होऊनच झाकण घेऊन उन्हात जाऊन उभा राहिला.

रंग ठरला, तर चमक राहिली. डॅशबोर्ड चकचकीत असला की त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं, म्हणून तो जरा मंद ठेवायचा. त्यासाठी रंगात मॅटिंग पावडर घालतात. ती तळाशी बसते, म्हणून डबा सतत ढवळायचा, हे मला डाव्या अर्ध्या भागाला रंग मारून झाल्यावर कळलं. डावी बाजू आरसा, उजवी बाजू पाटी. रंग तोच, पण चमक बदलली की डोळा छटाही बदलून सांगतो.

पण खरा धडा त्याआधीच मिळाला होता. पत्रा 320 च्या पॉलिश पेपरने घासला, मग 600 च्या, प्रायमर दिला, टेप लावली, श्वास रोखून पहिला हात मारला. पाच सेकंदांत रंग जागोजागी मागे सरकला आणि शे-दीडशे गोल खड्डे उमटले. यांना फिश आय म्हणतात. माशाचे डोळे. सगळे माझ्याकडेच बघत होते. कारण सिलिकॉन. मी दर रविवारी ज्या डॅशबोर्ड पॉलिशने मायेने तो पत्रा पुसत होतो, त्यातलं सिलिकॉन. घासण्याआधी डीग्रीझरने, म्हणजे तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने, ते काढायचं असतं, नाहीतर पॉलिश पेपर ते ओरखड्यांत आणखी आत कोंबतो. बावीस वर्षांचे रविवार पत्र्यातून वर आले होते.

सगळं खरवडलं. दुसऱ्या वेळी हवा दमट होती, रंगावर ओघळ आला. तिसऱ्या वेळी सगळं जुळलं, आणि ओल्या रंगावर एक डास उतरला. "हात लावू नका, सुकल्यावर घासून काढा," बायको म्हणाली. मी हात लावला. चौथा हात.

आता डॅशबोर्ड देखणा झालाय. त्याच्यामुळे दरवाज्यांच्या पट्ट्या मळक्या दिसायला लागल्या, तेव्हा त्या दुसऱ्या डब्यातून केल्या, आणि तो डबा पहिल्यापेक्षा केसभर वेगळा निघाला. यावर मी शोधलेला उपाय साधा होता. गाडी संध्याकाळी सातनंतरच काढायची. आमच्या रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्यांखाली रंगांमधले भेद जवळजवळ पुसले जातात. डॅशबोर्ड, दरवाजे, ग्लोव्ह बॉक्स, सगळे एका आईची लेकरं. दोन महिने आम्ही सुखाने फिरलो.

गेल्या आठवड्यात ते दिवे काढून पांढरे एलईडी बसवले.

"अहो," बायको शेजारच्या सीटवरून म्हणाली, "उजवा दरवाजा मानेजवळचा आहे."