कोकणकडा समुद्रात साचला नव्हता

पावसाळा लागला की ट्रेकच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास येतो. वर हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा फोटो आणि खाली मजकूर: 'हे आडवे थर बघा! सह्याद्री एकेकाळी समुद्रतळ होता. गाळ साचला, दाबाने दगड झाला. पांढरे ठिपके म्हणजे शिंपल्यांचे तुकडे. हाच दगड पोटात जाऊन वितळला की संगमरवर होतो.' यंदा तो मला चार जणांनी पाठवला. त्यातला एक भूगोल शिकवतो, म्हणून लिहायला बसलो.

आधी थरांचं बघू. थर दिसला की गाळ, हा समजच घोटाळ्याचं मूळ आहे. कोकणकडा बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. आपल्याला दिसतात ते या प्रवाहांचे थर. दोन प्रवाहांमध्ये बराच काळ गेला, तर खालच्या दगडाची झीज होऊन माती तयार व्हायची आणि पुढचा लाव्हा ती भाजून काढायचा. घाटात दिसणारे विटकरी पट्टे बरेचदा याच मातीचे असतात.

पांढरे ठिपके? लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं नंतर झिओलाइट, कॅल्साइट (चुन्याचं खनिज), गारगोटी अशा खनिजांनी भरली. मांजऱ्या खडक म्हणतात तो हाच. त्यावर आम्ल टाकून फेस आला म्हणून 'शिंपला सापडला' असं ओरडू नका, कॅल्साइटही फसफसतो.

लाव्हाच्या प्रवाहांमध्ये कुठेकुठे खरा गाळही अडकला आहे, हे मान्य. मुंबईत वरळीला अशा थरात बेडकांचे जीवाश्म सापडले. पण बेडूक गोड्या पाण्यातला प्राणी. म्हणजे तिथेही समुद्र नाही, तळं होतं.

'दाबाने दगड झाला' हे अर्धसत्य आहे. चिखलाच्या बाबतीत दाब पुष्कळ काम करतो, पाणी पिळून काढतो. वाळू मात्र कितीही दाबा, कणांमध्ये फटी राहतातच. त्या फटींतून भूजल झिरपतं आणि सोबत आणलेली सिलिका, चुना किंवा लोह तिथे सोडून जातं. कणांना सांधणारा चुनागच्ची तो. नागपूरजवळच्या कामठीच्या नावाने ओळखला जाणारा वालुकाश्म असाच तयार झाला. चुनखडकाची कथा आणखी वेगळी. तो बहुतेक वेळा कवचांच्या चुऱ्यातून, नाहीतर पाण्यात विरघळलेला चुना खाली बसून होतो.

आता 'वितळून संगमरवर'. ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण संगमरवर हा रूपांतरित, म्हणजे उष्णतेने-दाबाने बदललेला खडक, आणि इथे त्याची व्याख्याच मोडते. दगड वितळला आणि पुन्हा थिजला तर तो अग्निजन्य झाला, रूपांतरित कसला? रूपांतर होतं ते घन अवस्थेत. काही शे अंश तापमानात आणि दाबाखाली चुनखडकातले कॅल्साइटचे बारीक कण न वितळता नव्याने जुळतात, मोठे होतात, एकमेकांत घट्ट बसतात. या घडामोडीत शंखशिंपल्यांच्या खुणा बहुधा पुसल्या जातात. राजस्थानातल्या मकराण्याचा संगमरवर असाच घडला. वालुकाश्माचा क्वार्टझाइट होतो तोही याच रीतीने. हातोडा मारून बघा: वालुकाश्म कणांच्या कडेकडेने तुटतो, क्वार्टझाइट कणांना चिरत.

जुन्या शाळेतली दगडी पाटी आठवते? ती पातळ पापुद्र्यांत सुटते, म्हणून गाळाचे थर वाटतात. प्रत्यक्षात दाबामुळे तिच्यातली अभ्रकासारखी खनिजं दाबाच्या दिशेला काटकोनात रांगेत बसलेली असतात, आणि दगड त्या रांगांवर सुटतो. गाळाचा मूळ थर कित्येकदा तिला तिरका छेदून जातो. म्हणजे इथेही थर दिसतो, पण गाळाचा नव्हे.

मेसेजच्या शेवटी 'म्हणून अवघा महाराष्ट्र गाळाचा' अशी आरोळी आहे. राज्याचा सुमारे 80 टक्के भाग बेसाल्टखाली आहे. गाळाचे खडक बघायचे तर चंद्रपूर-बल्लारपूरला जावं, तिथला कोळसा 25 कोटी वर्षांहून जुन्या थरांत आहे. आणि समुद्राचाच गाळ हवा असेल तर तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीकडे वळा. तिथे बेसाल्टहून कितीतरी जुना, मँगनीजयुक्त गाळ तापून-दाबून पार बदलला आहे. अशा एका खडकाला गोंड लोकांवरून 'गोंडाइट' हे नाव मिळालं. फोटो टाकायचाच तर त्याचा टाका.