पंचावन्नाव्या आयतीनंतर काय?

नवापूरपासून भुसावळपर्यंतच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक मजकूर मोबाईलवरून हातोहात फिरतो आहे. त्याचं सार असं: मुसलमान भावापुढे बायबल उघडू नका, तो ऐकणार नाही. त्याच्याच कुराणातल्या तिसऱ्या सूरेच्या (अध्यायाच्या), म्हणजे आल-इम्रानच्या, 42 ते 55 या चौदा आयती (वचनं) वाचून दाखवा. येशू मेलेल्यांना उठवतो, स्वर्गाची वाट तोच जाणतो, हे कुराणच कबूल करतं. मुसलमानांना कुराणातूनच येशू सांगायच्या, बांगलादेशातून पुढे आलेल्या 'कॅमल' पद्धतीचा हा मराठी अवतार. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसावा, पण दावा टिकत नाही.

या बाजूचे दावे एकेक घेऊ. आधी आकड्यांचं बघू. 'कुराणात ईसांचं (येशूचं) नाव 25 वेळा, मुहंमदांचं चारच वेळा, मग थोर कोण?' मोजणी बरोबर, निष्कर्ष चुकीचा. मूसांचं (मोशेचं) नाव तर शंभरापेक्षा जास्त वेळा येतं. शिवाय कुराण मुहंमदांना उद्देशूनच बोलतं, 'तू सांग' असं. ज्याला पत्र लिहायचं त्याचं नाव पत्रात कितीदा येतं?

'मेलेल्यांना उठवतो, म्हणजे तो देव.' सगळी पद्धत इथेच घसरते. 49वी आयत सावकाश वाचा. ईसा मातीचा पक्षी करून फुंकर मारतात आणि तो जिवंत होतो, जन्मांध आणि कुष्ठरोगी बरे होतात, मेलेले उठतात. या एकाच आयतीत 'बिइज्निल्लाह', अल्लाहच्या परवानगीने, हे दोनदा आलं आहे. पाचव्या सूरेच्या 110व्या आयतीत हेच चमत्कार पुन्हा येतात आणि तिथे 'माझ्या परवानगीने' चार वेळा येतं. जो निष्कर्ष तुम्ही काढू पाहता, त्याचंच दार लावायला हे शब्द आहेत. 51व्या आयतीत ईसा म्हणतात, अल्लाह माझाही रब (प्रभू) आणि तुमचाही, त्याचीच इबादत (उपासना) करा. ही आयत तर तुमच्या चौदांमधलीच! आणि 55वर थांबलात तरी ऐकणाऱ्याला 59वी ठाऊक असते: अल्लाहपाशी ईसांची उपमा आदमसारखी, मातीपासून घडवलं आणि म्हटलं 'हो'. 'भाई, आगे भी पढो ना,' एवढंच तो म्हणेल. मग काय वाचाल?

जाता जाता: तो मातीचा पक्षी मत्तय, मार्क, लूक, योहान यांत कुठेही नाही. थोमाच्या नावावर चालणाऱ्या एका जुन्या बालपणकथेत तो आहे आणि ती मंडळीने कधी शास्त्र मानली नाही. म्हणजे आपल्याच बायबलात नसलेला चमत्कार आपण पुरावा म्हणून मांडतो.

कुराण येशूला 'कलिमा' (शब्द) आणि 'रूह' (आत्मा) म्हणतं, या दाव्याचंही तेच. दोन्ही चौथ्या सूरेच्या 171व्या आयतीत एकत्र येतात आणि तीच आयत 'तीन म्हणू नका' असं बजावते. रूह फुंकल्याचं कुराण आदमबद्दलही सांगतं (सूरा 15, आयत 29).

'55व्या आयतीत येशूचा मृत्यू आणि पुनरुत्थान आहे.' तिथला शब्द 'मुतवफ्फीक'. उर्दू कानाला तो 'वफात' म्हणजे मृत्यूसारखा वाटतो, म्हणून गफलत होते. पण त्याच धातूचं रूप 6:60 मध्ये रात्रीच्या झोपेसाठी आलं आहे, आणि बरेच मुफस्सिर (कुराणाचे भाष्यकार) इथे 'पुरतं उचलून घेणं' असा अर्थ लावतात. त्यात 4:157 स्पष्ट म्हणते की त्यांना मारलं नाही, सुळावर दिलं नाही. या चौदा आयतींत वधस्तंभ नाहीच. जे सांगायला निघालात तेच गाळून पुढे जाताय.

'पौलानेही अथेन्समध्ये परक्या कवींचा आधार घेतला.' घेतला, पण कवी म्हणूनच. 'आपण त्याचा वंश आहोत' ही ओळ सांगून त्याने पुनरुत्थान त्या कवीच्या माथी मारलं नाही. ते त्याने स्वतःच्या साक्षीवर सांगितलं आणि काहींचं हसणं सोसलं (प्रेषितांची कृत्ये 17:32).

आता बाजू उलटी करून बघा. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकातल्या 18:18 मधला संदेष्टा आणि योहान 14:16 मधला 'कैवारी' म्हणजे मुहंमद, असं मुसलमान वक्ते सांगतात तेव्हा आपण काय म्हणतो? 'मागचं-पुढचं वाचा.' 1854च्या एप्रिलमध्ये आग्र्याच्या वादात मुसलमान आलिम रहमतुल्लाह कैरानवींनी मिशनरी फांडरपुढे युरोपातल्या बायबल-चिकित्सेचेच दाखले ठेवले होते. परक्याचा साक्षीदार उभा केला की उलटतपासणीही आलीच.

कुराण वाचायचंच असेल तर आल-इम्रान 33पासून 64पर्यंत सलग वाचा, आणि समोरच्यालाच वाचू द्या. मुसहफ (कुराणाची प्रत) जमिनीवर ठेवू नका, त्यात पेनाने खुणा करू नका. आयती छापलेली पत्रकं आठवडी बाजारात तर वाटूच नका: दुपारपर्यंत त्यात भजी बांधली जातात, कागद गटारात जातो आणि संध्याकाळी गावात तंटा. यावल-रावेरच्या तडवी भिल्ल मुसलमान घरांत उर्दू असतेच असं नाही, तेव्हा उर्दू तर्जुमा नेण्याआधी घरात कोणती बोली आहे ते विचारा. आणि सुरुवातीलाच सांगून टाका: 'हे तुमचं शास्त्र, माझा विश्वास यावर उभा नाही.' हे लपवलं आणि नंतर कळलं, तर पुढच्या वेळी दार उघडत नाही.

मग लूक 1:26 ते 38 वाचा. आल-इम्रान 47मध्ये मरियम विचारते की मला मूल कसं होईल, आणि लूक 1:34 मध्येही तोच प्रश्न आहे. दोन्हीकडची उत्तरं शेजारी ठेवा. त्यानंतर मार्कचे सोळा अध्याय, एका बैठकीला चार. पंधरावा अध्याय चौथ्या बैठकीत येतो आणि खरा मतभेद तिथे, वधस्तंभापाशी, दोघांच्या डोळ्यांदेखत उघडा होतो.