खुलासा: 'गेममध्ये मराठे कुठेच नाहीत' हे खरं नाही

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय: 'युद्धाचे सगळे व्हिडिओ गेम दुसऱ्या महायुद्धाचेच, आणि मराठे आजवर एकाही गेममध्ये नाहीत.' दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्यामुळे घोळ झालाय.

पहिली अर्धी खरी. 1999 चा मेडल ऑफ ऑनर, 2002 चा बॅटलफील्ड 1942, 2003 चा कॉल ऑफ ड्यूटी, सगळे त्याच महायुद्धातले. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर इतक्यांदा उतरून झालंय की कंटाळा येणारच. पण 'सगळे' म्हणणं अती झालं: कॉल ऑफ ड्यूटीच 2007 मध्ये आधुनिक काळात गेला, आणि बॅटलफील्ड 2016 मध्ये पहिल्या महायुद्धात.

दुसरी गोष्ट मात्र साफ चूक. 2009 च्या एम्पायर: टोटल वॉरमध्ये मराठे आहेत, आणि नुसते शत्रू म्हणून नाहीत, आपण स्वतः त्यांच्या बाजूने खेळू शकतो. माझा भाचा रविवारी पोह्यांची प्लेट मांडीवर घेऊन तेच करत होता. मुघलांशी लढता लढता शेव कीबोर्डात. 'मामा, होळकर कुठायत?' म्हणाला. म्हटलं, अरे, तुझा खेळ 1700 साली सुरू होतो, तेव्हा मल्हारराव सात वर्षांचे होते.

हा गेम जुना आहे आणि असे गेम फार थोडे, ही तक्रार मला मान्य. पण 'एकही नाही' हे खोडा, मग पुढे पाठवा.