दाढ काढली म्हणून भात का सोडायचा?

महिन्याभरात तिघांनी माझ्यासमोर मोबाईल धरला आणि तिघांच्या मोबाईलवर एकच मेसेज. ‘अक्कलदाढ काढल्यावर काय खावे, काय टाळावे’, शेवटी ‘सर्व ग्रुपवर पाठवा’. बेळगाव, खानापूर, निपाणी असे सगळे ग्रुप फिरून तो आलेला. आता कन्नडमध्येही आहे म्हणे. सांगतो काय, तर भात-डाळ खाल्ली की टाके पिकतात आणि पू धरतो. आठ दिवस साबुदाण्याची खीर, सरबत आणि आईस्क्रीम, एवढंच घ्यावं. अँटिबायोटिक चालू असेपर्यंत दूध-दही बंद. घरी पोचताच कडक मिठाच्या पाण्यानं खळखळून चुळा भराव्या. पातळ पदार्थ स्ट्रॉनं ओढावेत. आणि दुखायला लागलं तर चिमूटभर मिश्री दाबून ठेवावी.

मी दाढा काढते, रोज. सुरुवातीला मऊ खायचं, ही एक गोष्ट त्यात मलाही मान्य आहे. बाकीच्याबद्दल बोलू.

आधी भात, कारण सगळ्यात जास्त भांडण त्यावरूनच होतं. खानापूरकडच्या एक मावशी, खालची किडकी अक्कलदाढ काढून चौथा दिवस. मुलीचा हात धरून आत आल्या. मुलगी खुर्चीपाशी येऊन म्हणाली, “डॉक्टर, पू धरलाय बघा आत. पांढरं दिसालंय. भात नको म्हटलेलं, खरं आईनं परवा दोन घास खाल्लेच की.” मावशी गुन्हा कबूल केल्यासारख्या माझ्याकडे बघत होत्या. मी दिवा ओढून आत पाहिलं. खड्ड्यावर पांढरट-पिवळसर पापुद्रा, घाण वास नाही, दाबलं तर काही येत नाही, सूजही उतरलेली. जखम अगदी जशी हवी तशी.

गुडघा फुटला की त्यावर खपली धरते, वाळून काळपट होते. तोंडात ती वाळणार कशी? तिथं सतत ओल. म्हणून रक्ताच्या गुठळीवर शरीर जे जाळं विणतं, ते मऊ आणि पांढरंच राहतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आरशात बघितलं की ते दिसतं, आणि आदल्या दिवशी भात खाल्लेला असतोच. भातही पांढरा, हेही पांढरं. माझा अंदाज असा की ही समजूत इथूनच जन्मली असावी. पू होतो तो जंतूंमुळे, आणि भाताचा घास पोटात गेल्यावर टाक्यांशी त्याचा काही संबंध राहत नाही.

भाताचा खरा त्रास वेगळाच आहे. मोकळा, फडफडीत भात केला की शितं खड्ड्यात जाऊन बसतात. आपल्याकडचा बेळगाव बासमती कितीही सुवासिक असला तरी त्या आठवड्यात त्याचा पुलाव नको, गुरगुट्या भात हवा. नेहमीच्या दुप्पट-तिप्पट पाणी घालून शिजवायचा, पळीनं घोटायचा. मुगाचं वरण त्यातच. फोडणीत मोहरी नको, कारण दाणा खड्ड्यात गेला की निघत नाही. तीळ, खसखस आणि अख्खं जिरं यांनाही हेच लागू. आणि वाफाळतं नको. मनगटावर थेंब टाकून बघायचं, लहान बाळाच्या दुधासारखं.

तर मावशींची जखम ठीक होती, मावशी ठीक नव्हत्या. हात थरथरत होते, उठल्या की डोळ्यांपुढे अंधारी. चार दिवस खीर आणि सरबत, मधे ते दोन घास. वर त्यांना मधुमेह. बोटाला सुई टोचून पाहिलं तर साखर २८०च्या पुढे. रक्तातली साखर अशी चढलेली राहिली की जखम उशिरा भरते आणि जंतूंचंही फावतं. म्हणजे पू होऊ नये म्हणून जे खाल्लं, त्यानंच पुवाला वाट करून दिली असती.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमसुद्धा प्रथिनं नाहीत. नवी हिरडी भरायची तर शरीराला प्रथिनं लागतात, घर बांधायला विटा लागतात तशी. धडधाकट माणसाला वजनाच्या किलोमागे रोज साधारण ०.८ ग्रॅम लागतात. ६० किलोच्या बाईला पन्नासेक ग्रॅम. जखम भरत असताना याहून थोडी जास्तच. (किडनीचा त्रास असेल तर हा हिशोब आपल्या डॉक्टरांना विचारून.) खिरीतल्या दुधाचं जे काही मिळालं, तेवढंच मावशींच्या पोटात गेलेलं.

आता आपल्या स्वयंपाकघरात काय आहे ते बघा. अंड्यात सहा ग्रॅम. दुसऱ्या दिवसापासून मऊ भुर्जी, मिरची न घालता. ३० ग्रॅम मुगाच्या डाळीचं कढण, सात ग्रॅम. पेलाभर दूध, सहा-सात. वाटीभर दही, तीन-चार. आणि हुलग्याचं माडगं! आजारी माणसाला माडगं पाजणाऱ्या आपल्या आज्यांना प्रथिनांचा तक्ता ठाऊक नव्हता, पण हुलग्यात १०० ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. पीठ चाळून घ्या, कोमट होऊ द्या, तिखट टाळा. नाचणीची आंबीलही चांगली, तिच्यात कॅल्शियम भरपूर. दिवसातून तीनदा पोटभर जेवण जमत नाही, कारण जबडा आखडलेला असतो; म्हणून दोन-अडीच तासांनी वाटीभर. चौथ्या-पाचव्या दिवशी दूध-भाकरी कुस्करून, दुसऱ्या बाजूनं. चिवडा, भडंग, गोकाकचं करदंट (डिंक-सुक्यामेव्याची वडी) मात्र दोन आठवडे तरी डब्यातच राहू दे.

आईस्क्रीमला माझा विरोध नाही. पहिल्या दिवशी गार लागतं, बरं वाटतं. कोन आणि काजू-बदामाचे तुकडे नकोत. पण ते जेवण नव्हे.

दुधाच्या मुद्द्यात तथ्याचा एक तुकडा आहे, तेवढा मान्य करते. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन अशा काही गोळ्यांना दुधातलं कॅल्शियम चिकटतं आणि गोळी अंगी लागत नाही. तिथं दूध दोनेक तासांच्या अंतरानं घ्यावं. पण दाढ काढल्यावर बहुतेकदा लिहून दिली जाते ती अमॉक्सिसिलिन, आणि तिला दुधाचं वावडं नाही. उलट दुखण्याची गोळी रिकाम्या पोटी घेतली की जळजळ होते. मेट्रोनिडाझोल ही अँटिबायोटिक चालू असेल तर दूध नव्हे, दारू सोडायची. मेसेज पाठवणाऱ्या काकांनी नेमकं ते लिहिलेलं नाही.

चुळांचा सल्ला मात्र सरळ नुकसान करणारा आहे. दाढ निघाली की खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, तीच जखमेचं झाकण. पहिल्या दिवशी खळखळून चूळ भरली, जोरात थुंकलं, की ती सुटू शकते. मग हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत जाणारी कळ सुरू होते, आम्ही त्याला ड्राय सॉकेट म्हणतो. २४ तास चूळच नाही. त्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, तोंडात घ्यायचं, मान इकडे-तिकडे कलंडवायची आणि आपोआप सांडू द्यायचं. आम्ही स्ट्रॉ नको म्हणतो तेही ओढण्याच्या जोरामुळेच. वाटीला तोंड लावून प्या की, फुरका मारला तरी कोण हसतंय घरात.

आणि मिश्री. निपाणी पट्ट्यात तंबाखू शेतातही आहे आणि घरातही, त्यामुळे हे सांगताना मला दरवेळी कोणाच्या तरी सासूचा राग ओढवून घ्यावा लागतो. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी मिळतं. वर ती भाजलेली पूड ओल्या खड्ड्यात. विडी-सिगरेटनं ड्राय सॉकेटचा धोका वाढतो, हे आम्ही रोज बघतो. दुखलं तर लिहून दिलेली गोळी घ्या. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं किंवा सूज वाढत चालली, ताप आला, गिळायला त्रास झाला, तर ग्रुपवर न विचारता दवाखान्यात या.

मावशींना विचारलं, मी दिलेला कागद वाचला नाही का? त्यांनी पिशवीतून काढला. गोळ्यांच्या पाकिटाभोवती घडी घालून गुंडाळलेला. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. मावशी चौथी शिकल्या आहेत, मराठीतून. मुलीनं वाचून दाखवायचा, तर तिला तोवर मेसेज आला होता, मराठीत, मोठ्या अक्षरात.

त्या दिवसापासून कागदाच्या मागं कोऱ्या जागेत मी हातानं लिहून देते. पहिली ओळ: भात चालतो. मऊ करा, कोमट खा.